ऑस्ट्रियाची फेरनिवडणूक: कसोटी लबाडीची नव्हती
ऑस्ट्रियात मे 2016 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत अलेक्झांडर फान डेर बेलन यांनी नॉर्बर्ट होफर यांना अवघ्या 30,863 मतांनी हरवले. होफर यांच्या पक्षाने निकालाला घटना न्यायालयात आव्हान दिले. टपाली मतांची पाकिटे काही ठिकाणी वेळेआधी, तर काही ठिकाणी अधिकार नसलेल्यांनी उघडल्याचे सुनावणीत दिसले. अशा नियमभंगाची झळ 77,926 मतांना पोचली होती. लबाडी सिद्धच झाली नाही, मग साऱ्या देशाला पुन्हा मतदानाला का बोलवायचे, हा आक्षेप वजनदार आहे. पण देखरेखीविना पाकिटे उघडली गेली, की लबाडी झाली नाही याची खात्रीही कोणी देऊ शकत नाही. म्हणून शंकास्पद मते मताधिक्याहून जास्त आहेत का, हीच कसोटी न्याय्य ठरते. 1 जुलैला न्यायालयाने निकाल रद्द केला. 4 डिसेंबरच्या फेरमतदानात फान डेर बेलनच जिंकले, सुमारे साडेतीन लाख मतांनी.