बावीस अक्षरी आरएनए आणि रोझलिंड ली

वैद्यकशास्त्राचे २०२४ चे नोबेल पारितोषिक मायक्रो-आरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकन यांना मिळाले, तेव्हा या शोधाच्या मूळ शोधनिबंधावर पहिले नाव असलेल्या रोझलिंड ली यांचा मात्र त्यात समावेश नव्हता. प्रथिनाचा संकेत न वाहता स्वतःच काम करणाऱ्या आरएनएंपैकी रायबोसोममधील आणि अमिनो आम्ले वाहून आणणारे आरएनए १९५० च्या दशकापासून ठाऊक होते. परंतु जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे २२ रासायनिक अक्षरांचा तुकडा एखाद्या जनुकाला आवर घालत असेल, अशी अपेक्षा कोणीही केलेली नव्हती.

सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीत लिन-४ हे जनुक बिघडले, की बाल्यावस्थेतील पेशीविभाजने पुन्हा पुन्हा होत राहतात आणि वाढ पुढे सरकत नाही. हे जनुक कोणते प्रथिन घडवते, याचा शोध ली आणि ऱ्होंडा फाइनबॉम यांनी अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेत सुरू केला. डीएनएचा तुकडा लहान लहान करत नेला, तरी तो कृमीतील दोष दूर करीतच राहिला आणि अखेरीस हाती आला तो प्रथिनाविना काम करणारा चिमुकला आरएनए. रवकन यांचा गट त्याच वेळी लिन-१४ या दुसऱ्या जनुकावर काम करीत होता. १९९२ मध्ये दोन्ही गटांनी आपापले अक्षरक्रम परस्परांना कळविले, तेव्हा लिन-४ चा आरएनए लिन-१४ च्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटीशी ठिकठिकाणी जुळतो आणि तेथे चिकटून प्रथिननिर्मिती रोखतो, हे उमगले. विज्ञानातील इतके देखणे जुळणे विरळाच. १९९३ मध्ये दोन्ही शोधनिबंध ‘सेल’ या नियतकालिकात आले, तरी २००० मध्ये लेट-७ हा असाच आरएनए माणसासह अनेक प्राण्यांत आढळेपर्यंत ही केवळ कृमींमधील विचित्र बाब मानली गेली. नोबेल तिघांत विभागता येते. ली यांच्यासाठी तिसरी जागा रिकामी होती.

जनुक बिघडले असता प्राण्यात काय बिघडते, हे आधी ठाऊक असल्यामुळे लिन-४ चे कार्य वादातीत ठरले. याउलट, मानवी जनुकसंचाचा ८० टक्के भाग ‘कार्यक्षम’ असल्याचा एन्कोड या संशोधन प्रकल्पाचा २०१२ मधील दावा मुख्यतः रासायनिक हालचालींच्या नोंदींवर उभा होता, आणि आरएनए तयार होतो म्हणून त्याचे काही काम असलेच पाहिजे, हा निष्कर्ष उतावीळपणाचा होता. मादीच्या पेशीतील एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय करणारा एक्सिस्ट हा लांबलचक आरएनए मात्र खऱ्या कसोटीला उतरला आहे, कारण पित्याकडून आलेले एक्सिस्ट जनुक निकामी असेल, तर उंदरांचे मादी गर्भ जगत नाहीत.