दोन डोळे, पण काम एकाचेच!

आमच्या वस्तीतील एक मुलगा पोलीस भरतीला उतरला. मैदानी चाचणीत पास, लेखीत पास. मेडिकलला डॉक्टरांनी उजवा डोळा झाकायला सांगितला आणि त्याला तक्त्यावरची मोठी अक्षरेही दिसेनात! वय वर्षे १९. तोपर्यंत हे त्याला ठाऊक नव्हते, आईबापाला नव्हते, आम्हालाही नव्हते. शाळेत तपासणी झाली होती. पण दोन्ही डोळे उघडे ठेवून. चांगल्या डोळ्याने दुसऱ्याचे झाकून नेले. आम्ही कारकुनी करणारी माणसे, नुसती जमेची बाजू पाहून सही करीत नाही. येथे मात्र तेच झाले.

दोन डोळे किंचित वेगवेगळी चित्रे पाहतात, मेंदू त्यांचे एक चित्र करतो. त्यामुळे अंतर नेमके कळते, सुईत दोरा ओवणे सोपे जाते. एक डोळा तिरळा असेल किंवा एकाच डोळ्याला जास्त नंबर असेल, तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र नाकारू लागतो. डोळा वरून ठणठणीत, पण नजर तयारच होत नाही. हाच ‘आळशी डोळा’. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, हा त्यावरचा उपचार. सात वर्षांच्या आत सुरू केल्यास गुण उत्तम येतो. पुढेही येतो, पण कमी.

पट्टी लावली की मूल रडते, पोरे ‘काण्या’ म्हणून चिडवतात आणि चार दिवसांत आईच पट्टी काढून टाकते. अशा वेळी बापाने आणि आजीने आईच्या पाठीशी उभे राहावे. तिरळेपणा भाग्याचा, असे सांगणाऱ्या म्हाताऱ्या आमच्याकडे अजून आहेत. त्यांच्याशी वाद घालून आम्ही थकलो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा यावे, अशी योजना आहे. कामासाठी बाहेरगावी गेलेल्या कुटुंबांची मुले नेमकी त्या दिवशी हुकतात. म्हणून तारीख अंगणवाडी ताईंना आधीच विचारा आणि ‘एकेक डोळा झाकून पाहा’ असे पथकाला सांगा. संकोच कसला?

घरीही पाहता येते. मूल टीव्ही पाहत असताना आधी एक, मग दुसरा डोळा तळहाताने झाका. एक झाकल्यावर ते गप्प बसले आणि दुसरा झाकताच हात ढकलू लागले, तर डॉक्टरांकडे न्या. बुबुळ मधोमध पांढरे चमकताना दिसले तर एक दिवसही थांबू नका.

हा दोष घराण्यात चालू शकतो. त्या मुलाची पुतणी चार वर्षांची आहे. तिला घेऊन सोमवारी आम्ही वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात निघालो आहोत.