अनित्य म्हणजे नशीब नव्हे : अकाली गेलेले कलावंत आणि आपल्या वस्तीतले मृत्यू

डिसेंबर लागला की आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर अभिवादनाचे स्टेटस सुरू होतात. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. १३ डिसेंबरला अभिनेत्री स्मिता पाटील यांचा स्मृतिदिन, १६ डिसेंबरला लक्ष्मीकांत बेर्डे यांचा. २३ डिसेंबरला आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे यांची आठवण निघते. कलावंतांच्या फोटोखालचा मजकूर बहुधा ठरलेला असतो : आयुष्य किती छोटे आहे, वेळ आली की कोणाचे काही चालत नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही काही कार्यकर्ते बीड तालुक्यातल्या एका गावात रविवारच्या वंदनेला गेलो होतो. विहारात जेमतेम पंधरा माणसे होती. म्हातारी माणसे, त्यांच्याकडे सोपवलेली शाळकरी मुले आणि कॉलेजची दोन-तीन पोरे. बाकी वस्ती ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली. वंदना झाल्यावर एका पोराने मोबाईल पुढे केला. स्मिता पाटील यांचा फोटो होता. तो म्हणाला, "एकतीस वर्षांत गेल्या. धम्मातही हेच सांगितलंय ना, सगळं अनित्य आहे. मग वाईट वाटून घ्यायचं कशाला?"

आम्ही उत्तर द्यायच्या आत कोपऱ्यातल्या आजी बोलल्या. "माही सून बी अशीच गेली, बाळंतपणात. तिचा फोटो कुणी टाकला का?"

त्या दिवशी आम्हाला दोघांनाही नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

स्मिता पाटील आणि आजींची सून

स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारी ही मुलगी 'भूमिका' आणि 'चक्र' या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्काराची मानकरी ठरली. जब्बार पटेल यांनी पुढे 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा चित्रपट केला. त्यांच्याच 'उंबरठा' (१९८२) मध्ये स्मिताने महिला सुधारगृहाची अधीक्षिका साकारली. सामाजिक काम करणाऱ्या प्रत्येकाने ती भूमिका पाहावी. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी तिला मुलगा झाला आणि अवघ्या पंधरा दिवसांनी, १३ डिसेंबरला, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीतून ती गेली. वय ३१. 'मिर्च मसाला' तिच्या मृत्यूनंतर पडद्यावर आला.

आजींची सून कारखान्याच्या तळावर, कोपीत असताना गेली. बाळंतपण दवाखान्यात नीट झाले होते. चौथ्या दिवशी ती कोपीवर परतली. आठव्या दिवशी ताप भरला. खाडा पडला तर पैसे कापतात आणि उचल अंगावर, म्हणून नवरा फडात. जवळच्या एका डॉक्टरने इंजेक्शन देऊन परत पाठवले. दोन दिवसांनी मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. वय २३. आजींकडे तिचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा.

या दोघींच्या आयुष्यात काहीच सारखे नव्हते. पण वैद्यकीय भाषेत दोन्ही मृत्यू एकाच खान्यात बसतात. गर्भारपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांच्या आत गर्भारपणाशी निगडित कारणाने झालेला मृत्यू म्हणजे मातामृत्यू. बाळ झाले, टाके पडले, घरी सोडले म्हणजे धोका टळला असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पुढचे सहा आठवडे जपण्याचे असतात. ताप, जास्त रक्तस्राव, अंगावरून घाण वास येणारा स्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, धाप यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे.

यासाठी व्यवस्था आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचे असते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहन मोफत मिळावे, यासाठी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. अडचण ही की आशाताईंची वही गावात असते आणि बाळंतीण दोनशे-तीनशे किलोमीटर दूर कारखान्यावर. कारखान्याच्या गावातल्या आशाताईंच्या वहीत तिचे नाव नसते. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. त्यातल्या गरोदर बाया कागदावर दोन गावांच्या मध्ये हरवतात.

हा शरीराचा प्रश्न किती खोल आहे, हे २०१९ मध्ये सगळ्या देशाने पाहिले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा बायांमागे एक. या आकड्याला कोणी 'वेळ आली' म्हणू शकत नाही.

मधुबालाच्या हृदयातले छिद्र

मधुबाला २३ फेब्रुवारी १९६९ रोजी गेली, वयाच्या ३६ व्या वर्षी. तिच्या हृदयाला जन्मतः छिद्र होते. 'मुघल-ए-आझम'च्या चित्रीकरणाच्या काळातही हा आजार तिच्यासोबत होता. त्या वेळी हृदय उघडून करायच्या शस्त्रक्रिया आपल्याकडे रुळल्या नव्हत्या. तिच्याकडे पैसा होता, नाव होते, पण उपचार नव्हता.

आज तोच आजार वेळेत सापडला तर बहुतेक मुले बरी होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करते. हृदयदोष आढळला तर पुढची तपासणी आणि शस्त्रक्रिया मोफत होते. दूध पिताना दमणारे, ओठ निळे पडणारे, सारखा न्यूमोनिया होणारे, वजन न वाढणारे मूल या पथकाला दाखवलेच पाहिजे. पण पथक येते त्या दिवशी मूल आईबापाबरोबर फडात असेल, तर हजेरीपटावर फक्त गैरहजेरी लागते. मधुबालाच्या काळात उपचार नव्हता. आपल्या लेकरांच्या बाबतीत उपचार आहे, पण मूल आणि पथक यांची गाठच पडत नाही.

रस्ता

२३ डिसेंबर २०१२ च्या रात्री मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एक टेम्पो दुभाजक ओलांडून समोरच्या कारवर आदळला. आनंद अभ्यंकर, अक्षय पेंडसे आणि अक्षय यांचा दोन वर्षांचा मुलगा त्यात गेले. याच मार्गावर फेब्रुवारी २००१ मध्ये भक्ती बर्वे यांचा अपघाती मृत्यू झाला होता. बीड जिल्ह्यालाही रस्त्याने मोठे घाव दिले आहेत. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत, तर विनायक मेटे १४ ऑगस्ट २०२२ रोजी याच द्रुतगती मार्गावर गेले.

आपण याला अपघात म्हणतो, पण त्याची कारणे शोधता येतात आणि काही दूरही करता येतात. पुढच्या काळात त्या मार्गाच्या दुभाजकात तारांचे अडथळे बसवले गेले, ते वाहन पलीकडे जाऊ नये म्हणूनच. मागच्या सीटवरही पट्टा लावावा ही चर्चा मुंडे यांच्या अपघातानंतर देशभर झाली. आपल्याकडे हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही. हेल्मेट न घातलेला आपला पोरगा मोटारसायकलवरून येतो आणि अंधारात ट्रॉलीवर आदळतो. दुसऱ्या दिवशी चौकात त्याच्या श्रद्धांजलीचा बॅनर लागतो. त्या बॅनरच्या खर्चात किती ट्रॉल्यांना पट्ट्या लागल्या असत्या, याचा हिशेब आपण करत नाही.

सगळेच टाळता येत नाही

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. प्रत्येक अकाली मृत्यू टाळता येतो असे नाही. रसिका जोशी ७ जुलै २०११ रोजी रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, वय ३८. प्रिया मराठे ३१ ऑगस्ट २०२५ रोजी कर्करोगाशी झुंजत गेल्या, वय तेच, ३८. सगळे करूनही माणूस हातचे जाते तेव्हा घरच्यांना 'तुम्ही हे का केले नाही' असे विचारणे हीसुद्धा हिंसाच आहे. तिथे अनित्याची शिकवण आधार देते, आणि द्यावीही.

पण करता येण्यासारखे होते का, हे आधी पाहावे लागते. लक्ष्मीकांत बेर्डे मूत्रपिंडाच्या आजाराने १६ डिसेंबर २००४ रोजी गेले, वय ५०. मूत्रपिंडे निकामी होण्याची दोन मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर, तसेच तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी सरकारी आरोग्य यंत्रणेतून मोफत होते. आपल्या वस्तीत तीस ओलांडलेल्या किती जणांनी ती केली? गुटखा आणि तंबाखूची पुडी मात्र जवळपास प्रत्येक खिशात सापडते.

धम्म काय सांगतो

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येऊ. सगळे अनित्य आहे, मग वाईट कशाला वाटून घ्यायचे?

महापरिनिर्वाणाच्या वेळी तथागतांनी भिक्खूंना दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. घडलेले सर्व काही मोडणारे आहे, आणि म्हणून अप्रमादी राहा. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणे, जागे राहून प्रयत्न करणे. आपण पहिला भाग पाठ केला आणि दुसरा विसरलो. पहिलाच भाग हाती धरला की धम्माचे नशीबवादात रूपांतर होते. मग 'अनित्य आहे' आणि 'देवाच्या मनात होतं' यांत फरक उरत नाही.

किसा गोतमीची कथा आपल्या सर्वांना माहीत आहे. मेलेले मूल घेऊन आलेल्या आईला तथागत सांगतात की ज्या घरात कोणी मेले नाही तिथून मोहरी आण. आपण ऐकतो त्या कथेत ते तिला मागच्या जन्माचे पाप सांगत नाहीत, गंडादोरा देत नाहीत. ते तिला दारोदार पाठवतात. ती घरोघर जाते, माणसांचे दुःख ऐकते आणि आपले दुःख एकटीचे नाही हे तिला कळते. ज्याला आपण आज गृहभेट म्हणतो, तीच ही.

शिवाय तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद शिकवला. कारण असेल तर कार्य होते, कारण दूर केले तर कार्य थांबते. मृत्यू येणार हे अटळ आहे. पण २३ व्या वर्षी, तापाने, कोपीत येणार, हे अटळ नव्हते. त्याला कारणे होती : खाडा, उचल, वहीत नसलेले नाव, परत पाठवणारा डॉक्टर. यातले प्रत्येक कारण माणसांनी तयार केलेले आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत याच कारणासाठी नाकारला. गरिबाच्या हालाला त्याचेच मागचे कर्म जबाबदार धरले की समाज आणि राज्यसंस्था जबाबदारीतून सुटतात, हे त्यांनी दाखवून दिले. अकाली मृत्यू त्यांच्यासाठी पुस्तकातला विषय नव्हता. पाच लेकरांपैकी चार त्यांनी गमावली, एकटे यशवंतराव वाचले. लाडका राजरत्न १९२६ मध्ये गेला. माता रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या, वयाच्या ३७ व्या वर्षी. याच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. दुःख त्यांनी गिळले नाही आणि नशिबावरही टाकले नाही.

म्हणून त्या पोराला आमचे सांगणे : वाईट वाटलेच पाहिजे. स्मिता पाटील यांच्यासाठी वाटावे, आणि शेजारच्या वहिनीसाठीही. त्या वाईट वाटण्याचे पुढे काय करायचे, हे मात्र धम्म शिकवतो.

आपण काय करू शकतो

कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी गेले. कुटुंबाने त्यांचे नेत्रदान केले, त्यातून चौघांना दृष्टी मिळाली. पुढे कर्नाटकात नेत्रदानासाठी लोक मोठ्या संख्येने पुढे आले. चाहत्यांनी शोकातून काम उभे केले. आपणही करू शकतो.

पहिले, टोळ्या निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, प्रत्येक विहारात गरोदर बाया आणि सहा वर्षांखालील मुलांची यादी करावी. कोणत्या कारखान्यावर जाणार ते त्यात लिहावे. यादीची एक प्रत आशाताईंना आणि एक तिथल्या आरोग्य केंद्राला द्यावी.

दुसरे, बाळंतपणानंतरची धोक्याची लक्षणे आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक टोळीतल्या प्रत्येकाला पाठ असावा, मुकादमालासुद्धा.

तिसरे, जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढून गावातल्या ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावाव्यात. अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे.

चौथे, गप्प गप्प राहणाऱ्या, खचलेल्या मित्राला एकटे सोडू नये. १४४१६ या टेली मानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

पाचवे, गावात अकाली मृत्यू झाला की पुण्यानुमोदनाच्या दिवशी अर्धा तास एवढेच बोलावे : हा मृत्यू कशामुळे झाला आणि पुढचा कसा टाळता येईल. बोट दाखवण्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी.

त्या गावातल्या पोरांनी पहिल्या कामाला सुरुवात केली आहे. या वर्षी त्यांच्या यादीत सात गरोदर बायांची नावे आहेत. यादी एका साध्या वहीत आहे आणि वही आजींकडे ठेवली आहे, कारण हंगामात गावात त्याच असतात. दर आठवड्याला पोरे आजींसमोर बसून सातही जणींना फोन लावतात. आजी प्रत्येकीला एकच विचारतात, "ताप-बीप नाही ना, बाई?"

जयभीम.