ट्यूनिंग म्हणजे गाडी पळवणे नव्हे

जुनी प्रीमियर पद्मिनी दारात आली की ‘ट्यूनिंग’ हा शब्द कानी पडू लागतो, आणि त्याने गाडी जास्त पळेल असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ट्यूनिंग म्हणजे झिजेमुळे बिघडलेली जुळणी मूळ मापावर आणणे. तंबोरा लावला म्हणून त्याचा आवाज वाढत नाही, सूर जुळतो, तसेच हे.

कुर्ल्यात तयार झालेल्या या गाडीच्या १०८९ सीसी इंजिनाला डिस्ट्रिब्यूटरमधला पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणारी संपर्कपट्टी) लागतो. फिरत्या कॅमवर घासून त्याची टाच झिजते, पॉइंटमधली फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते. इंजिन अडखळले की आपण कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळतो. चूक इथेच होते, आणि घाईतला मेकॅनिकही ती करतो. आधी पॉइंट, मग टायमिंग (ठिणगीची वेळ), कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. कारण फट बदलली की टायमिंगही सरकते. फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. फीलर गेजची (फट मोजण्याच्या पट्ट्यांची) पाती किंचित अडकत बाहेर आली की जमले.

एवढे घरच्या अंगणात निवांत करता येते. ब्रेकचे काम मात्र जाणत्या मेकॅनिककडेच द्या.