परदेशी विमानाने जाताय? पॉइंट कोणाच्या खात्यात घालायचे, ते तिकिटाआधी ठरवा



भूम-वाशीच्या पट्ट्यात खव्याची भट्टी काही नवीन नाही, आणि कुंथलगिरीच्या पेढ्याची ओळख करून द्यायची गरज नाही. पण आता इथला नवा उद्योजक भट्टीच्या पुढचा विचार करतोय. पॅकिंग मशीन कुठून आणायचं? माल जास्त दिवस कसा टिकवायचा? बाहेरच्या देशात गिऱ्हाईक मिळेल का? याची उत्तरं शोधायला कोणी चीनमधल्या ग्वांगझौच्या कँटन फेअरला जातं, कोणी दुबईच्या गल्फूडला, तर कोणी जर्मनीत कलोनला भरणाऱ्या अनुगाला. कँटन फेअर वर्षातून दोनदा भरतो, गल्फूड दरवर्षी आणि अनुगा दर दोन वर्षांनी.

भूमहून मुंबई किंवा हैदराबाद गाठायचं आणि पुढे बऱ्याचदा परदेशी कंपनीचं विमान. तिकिटाचा खर्च छोट्या धंद्याच्या भांडवलातूनच जातो. त्यातून जे पॉइंट किंवा 'माइल्स' मिळतात, ते बहुतेक जण घेतच नाहीत. जे घेतात ते ज्या कंपनीचं विमान, तिच्याच योजनेत नाव नोंदवून मोकळे होतात. आज त्याच्यावरच बोलू.

दूध एकच, डेअरी कोणती?

गावात दोन-तीन संकलन केंद्रं असली की शेतकरी काय बघतो? फॅटला भाव किती, पगार किती दिवसांनी, दिवाळीला बोनस आहे का. जवळचं केंद्र म्हणून डोळे झाकून तिथेच दूध घालत नाही. आणि थोडं इथे, थोडं तिथे असं वाटलं, तर बोनस कुठलाच धड मिळत नाही हेही त्याला माहीत असतं.

विमानाच्या पॉइंटचं अगदी तसंच आहे. तुम्ही सिंगापूर एअरलाइन्सने गेलात म्हणजे पॉइंट तिच्याच 'क्रिसफ्लायर' योजनेत घातले पाहिजेत असं नाही. विमान कंपन्यांचे गट आहेत. गटातल्या एका कंपनीने प्रवास करा आणि पॉइंट दुसरीच्या खात्यात जमा करा, हे चालतं. मात्र एका प्रवासाचे पॉइंट एकाच खात्यात जातात. म्हणून निवड आधी करायची.

गट कोणते?

स्टार अलायन्स (१९९७ पासून): सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्सा, टर्किश, थाई, युनायटेड आणि ११ जुलै २०१४ पासून आपली एअर इंडिया.

वनवर्ल्ड: कतार एअरवेज, ब्रिटिश एअरवेज, कॅथे पॅसिफिक, मलेशिया एअरलाइन्स, श्रीलंकन.

स्कायटीम: एअर फ्रान्स, केएलएम, सौदिया, व्हिएतनाम एअरलाइन्स.

एमिरेट्स आणि एतिहाद या तिन्ही गटांच्या बाहेर आहेत. इंडिगोही बाहेर आहे. एअर इंडिया स्टारमध्ये असली तरी एअर इंडिया एक्सप्रेस नाही, ही गल्लत करू नका. काही कंपन्यांचे गटाबाहेरही आपसात करार असतात. आपल्याला हवी ती जोडी आहे का, ते योजनेच्या वेबसाइटवर 'पार्टनर' या भागात दिसतं.

निवडताना तीन प्रश्न विचारा

१. माझ्या तिकिटाला पॉइंट किती मिळणार?

प्रत्येक तिकिटावर बुकिंग क्लासचं एक इंग्रजी अक्षर असतं. सगळी तिकिटं इकॉनॉमीचीच, सीटही तीच, पण अक्षर वेगळं आणि पॉइंटही वेगळे.

हिशोब करून बघू. मुंबई ते सिंगापूर सुमारे २,४०० मैल, सिंगापूर ते ग्वांगझौ सुमारे १,६०० मैल. जाऊन-येऊन झाले ८,००० मैल. आता समजा, तुमच्या तिकिटाच्या अक्षराला एका योजनेत १०० टक्के मिळतात, तर खात्यात ८,००० पडतील. दुसरीत ५० टक्के असतील तर ४,०००. तिसरीत २५ टक्के असतील तर २,०००. आणि सगळ्यात स्वस्त तिकिटाला एखाद्या योजनेत शून्यही मिळू शकतं! विमान तेच आणि तिकीटही तेच. फरक फक्त खात्याचा.

स्वतःच्या विमानांसाठी काही योजना अंतर न बघता भाड्याच्या रकमेवर पॉइंट देतात, पण भागीदार कंपनीच्या विमानासाठी वेगळा तक्ता लावतात. म्हणून एजंटला दोन गोष्टी विचारा: बुकिंग क्लासचं अक्षर कोणतं, आणि विमान प्रत्यक्षात कोण उडवणार. कारण तिकिटावर एका कंपनीचा नंबर आणि विमान दुसरीचं, असंही असतं. मग दोन-तीन योजनांचे तक्ते उघडून ते अक्षर शोधा. दहा मिनिटांचं काम आहे.

२. पॉइंट किती दिवस टिकतात?

खवा किती दिवस टिकेल हे बघूनच आपण बाजार ठरवतो. इथेही तेच करा. क्रिसफ्लायरचे माइल्स मिळाल्यापासून तीन वर्षांनी संपतात. ब्रिटिश एअरवेज आणि कतारच्या 'एविऑस'चा हिशोब वेगळा आहे. ३६ महिन्यांत खात्यात काही ना काही हालचाल झाली, की शिल्लक जिवंत राहते. युनायटेडच्या 'माइलेजप्लस'मध्ये २०१९ पासून मुदतच नाही.

दर दोन वर्षांनी फक्त अनुगाला जाणाऱ्याने समजा ऑक्टोबर २०२५ चे माइल्स तीन वर्षांच्या मुदतीच्या योजनेत घातले. दुसरी फेरी ऑक्टोबर २०२७ ला. म्हणजे दोन्ही फेऱ्यांचे माइल्स एकत्र वापरायला त्याच्या हातात जेमतेम वर्षभर उरतं. असा माणूस लुफ्तान्साने गेला, तर मुदत नसलेल्या भागीदार योजनेचा विचार त्याने जरूर करावा.

३. मी ते खर्च कुठे करणार?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. तुम्ही वर्षातून एकदा परदेशी जाता, पण कामासाठी पुणे-दिल्ली दोन-तीनदा एअर इंडियाने करता. मग परदेशी प्रवासाचे पॉइंट एअर इंडियाच्या 'महाराजा क्लब'मध्ये घालून देशातल्या तिकिटाला वापरणं सोयीचं पडू शकतं. तक्त्यात थोडे कमी मिळाले तरी चालतील, कारण ते वापरले जातील. दुसऱ्या योजनेत जास्त मिळाले आणि तसेच पडून संपले, तर उपयोग काय?

सारखं दुबईलाच जात असाल आणि एमिरेट्सनेच, तर तिची 'स्कायवर्ड्स' सरळ पडते. धंद्याच्या नावानेही पॉइंट मिळवता येतात. एमिरेट्सची 'बिझनेस रिवॉर्ड्स' आणि सिंगापूर एअरलाइन्सची 'हायफ्लायर' या त्यासाठीच्या योजना आहेत. तुमच्या फर्मची नोंदणी त्यात बसते का, ते बघून घ्या.

भुलायचं कशाला नाही?

गोल्ड कार्डाच्या मागे लागू नका. लाउंज आणि जादा सामान या सवलती सतत उडणाऱ्यांसाठी आहेत. वर्षाला एक फेरी करणाऱ्याने तो नाद सोडावा.

पॉइंटसाठी महाग तिकीट घेऊ नका. दोन हजार माइल्ससाठी चार हजार रुपये जास्त देणं हा धंदा नव्हे. आधी भाडं, वेळ आणि सामानाची मर्यादा, पॉइंट त्यानंतर.

'फुकट तिकीट' पूर्ण फुकट नसतं. कर आणि काही शुल्क खिशातून भरावं लागतं.

पॉइंट म्हणजे एफडी नव्हे. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. जेटची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीकडे होती म्हणून 'इंटरमाइल्स' या नावाने पुढे चालली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते साठवले होते ती विमानंच राहिली नाहीत. विस्ताराच्या सभासदांचं बरं झालं. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात विलीन झाली आणि पॉइंट महाराजा क्लबमध्ये आले. नशीब दरवेळी असं साथ देईलच असं नाही. साठले की वापरा.

तिकीट काढण्याआधीची यादी

• पुढच्या तीन वर्षांत कुठे कुठे जाणार, ते कागदावर लिहा.

• त्यावरून एक गट आणि त्यातली एकच योजना निवडा. सभासद प्रवासाआधीच व्हा. बहुतेक योजनांची सभासदी मोफत आहे.

• खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणेच ठेवा. आपल्याकडे पासपोर्टवर नावासोबत वडिलांचं किंवा पतीचं नावही असतं. तिकिटावर एक आणि खात्यावर दुसरं झालं, की पॉइंट अडकतात.

• एजंटकडून तिकिटात सभासद क्रमांक टाकून घ्या आणि चेक-इनला काउंटरवर पुन्हा तपासा.

• पॉइंट जमा होईपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. जमा नाही झाले तर मागणी करता येते, पण तिलाही मुदत असते.

• नियम आणि तक्ते बदलत राहतात. ज्या आठवड्यात तिकीट काढाल, त्याच आठवड्यात ते बघा. जुन्या माहितीवर जाऊ नका, या लेखावरही नाही.

दुधाचा हिशोब थेंबाथेंबाने ठेवणारी आपण माणसं. प्रदर्शनाच्या तिकिटाचाही तसाच ठेवा. दोन-तीन फेऱ्यांनंतर दिल्लीचं एक तिकीट जरी त्यातून निघालं, तरी तेवढे पैसे पॅकिंगच्या कामाला उरतील.