एकवीस दिवस आणि एक खाडा

रोज थोडे ललित लेखन करण्याची सवय एकवीस दिवसांत लागते, आणि मधे एक जरी दिवस चुकला तरी मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी लागते, असा समज पक्का रुजलेला आहे. लेखन कार्यशाळांत तो सांगितला जातो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तर त्याला ऊत येतो. सांगणाऱ्याची खात्री अशी असते की, कुणी शे-दोनशे लेखक एका खोलीत बसवून हे मोजले असावे असे ऐकणाऱ्याला वाटते. तसे कुणीही मोजलेले नाही.

एकवीस हा आकडा लेखनातून आलेला नाही, सवयींच्या अभ्यासातूनही आलेला नाही. तो आला शस्त्रक्रियेच्या टेबलावरून. मॅक्सवेल माल्ट्झ हे न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन. १९६० साली आलेल्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात त्यांनी आपल्या रुग्णांविषयीचे एक निरीक्षण नोंदवले. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला, किंवा हात-पाय गमावलेल्या माणसाला तो अवयव आता नाही हे अंगवळणी पडायला किमान एकवीसेक दिवस जातात, असे ते निरीक्षण होते. पुढे व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यात्यांनी त्यातला ‘किमान’ गाळला, मग ‘एकवीसेक’चे ‘एकवीस’ केले, आणि नाकाचा अनुभव धावणे, ध्यान, बचत, कविता अशा सगळ्यांना सरसकट लावून टाकला. मराठी घरात या आकड्याला विरोध व्हायचे कारणच नव्हते. एकवीस मोदक, एकवीस दुर्वा. आकडा आधीच ओळखीचा आणि शुभ.

सवय लागायला किती दिवस लागतात, याचे प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ते ‘युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी’मध्ये २०१०च्या अंकात छापून आले. ९६ जणांनी खाणे, पिणे किंवा हालचाल यांपैकी एखादी साधी गोष्ट निवडली आणि दिवसाच्या एका ठरलेल्या प्रसंगाला ती जोडून १२ आठवडे केली. ती गोष्ट आता किती आपोआप होते आहे, हे ते नोंदवत गेले. सवय पुरेशी मुरायला लागलेल्या दिवसांचा मध्यांक निघाला ६६. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असे दिसले. न्याहारीनंतर पेलाभर पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर मुरल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला.

इथे लगेच दुसरा गैरसमज उगवतो. एकवीस खोटे निघाले म्हणून आता ६६ हा मंत्र झाला आहे. तोही तसाच जपू नये. ज्यांच्या नोंदींवर आलेख नीट बसला असे ३९ जणच होते, आणि ६६ हा त्यांचा मध्यांक. प्रयोग ८४ दिवसांत संपला होता, तेव्हा २५४ हा आकडा आलेखाची रेषा पुढे वाढवून काढलेला आहे. शिवाय त्या प्रयोगात कथा-कविता लिहिणे ही निवडच नव्हती. त्यावरून एवढेच म्हणता येते की दिवस माणसागणिक आणि कामागणिक बदलतात, आणि ते बहुधा तीन आठवड्यांपेक्षा बरेच जास्त असतात. ज्याला बाविसाव्या दिवशीही वहीपर्यंत स्वतःला ढकलत न्यावे लागते, त्याच्यात काही खोट आहे असे मुळीच नाही.

याच अभ्यासातली खरी कामाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. ठरलेली गोष्ट एखादा दिवस राहून गेली तर सवय मुरण्यावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. दुसऱ्या दिवशी रेषा जवळपास होती तिथूनच पुढे गेली. ज्यांचे सारखेच चुकत राहिले त्यांना सवय लागली नाही, हे खरे. पण एक दिवस चुकणे आणि सारखे चुकणे यांत फरक आहे.

पालघर जिल्ह्यातल्या शिरगाव-पालघर-बोईसर पट्ट्यात चुकलेल्या दिवसाला नेमका शब्द आहे: खाडा. कारखान्यात खाडा पडला की पगारातून पैसे जातात, म्हणून त्या शब्दाला धाक आहे. तो धाक वहीला लावायचे कारण नाही. लेखनाच्या बाबतीत गोंधळ होतो तो व्रत आणि सवय यांचा. व्रत एका चुकीने मोडते, कारण न मोडणे हीच त्याची अट असते. सवयीला अशी अट नाही. तरीही नवव्या दिवशी घरात हळद होती, लिहिणे राहिले, ‘मग आता सोमवारपासून पुन्हा पहिल्यापासून’ असे म्हणून वही ठेवून दिली जाते, आणि तो सोमवार कधी येत नाही. फोनमधली अ‍ॅप सलग दिवसांचा आकडा एका खाड्याने शून्यावर आणतात. शून्य होतो तो फोनमधला आकडा. आठ दिवस लिहिलेली पाने वहीत असतात तशीच राहतात.

सवय म्हणजे काय, हेही नीट पाहायला हवे. लेखन कधीच आपोआप होत नाही. हजारावी गोष्ट लिहितानाही वाक्य शोधावेच लागते, खोडावेच लागते. आपोआप होऊ शकते ते वही उघडून बसणे. सवयीने दारापर्यंत जाता येते, आतले काम दर वेळी नव्याने करावे लागते. ‘तीन महिने झाले तरी लिहिणे सोपे वाटत नाही’ ही तक्रार म्हणून चुकीच्या ठिकाणी केलेली असते. बसणे सोपे झाले का, एवढाच प्रश्न विचारायचा.

बसणे सोपे होते ते एखाद्या खुणेमुळे. याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण कुठल्याही कार्यशाळेच्या आधीचे आहे. पहाटे जात्यावर बसले की ओवी येई. बाईला स्फूर्तीची वाट पाहावी लागत नसे आणि दिवसही मोजावे लागत नसत. खुंट्याला हात लागला की गळ्यातून शब्द निघत. जुन्या ओव्या म्हणता म्हणता त्यांत नव्याची भर पडे: माहेरची, भावाची, सासूची, विठ्ठलाची. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आणि पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, तेव्हा ओवीही गेली. त्याच बाया, तीच सुखदुःखे, पण खूण नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर रचणेही थांबले.

खुणेचे हे गणित कळले की पहाटेच्या आग्रहाचा पोकळपणा दिसतो. ‘लेखक पहाटे पाचला उठतात’ हे वाक्य तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्या माणसाला सांगून पाहावे. समजा, शिरगावात राहणारा कामगार आठवड्यागणिक सकाळ, दुपार आणि रात्र अशा पाळ्या करतो. पहाटे पाचला तो पहिल्या पाळीच्या आठवड्यात बसची घाई करतो, रात्रपाळीच्या आठवड्यात यंत्रापाशी उभा असतो. तीनपैकी एकाच आठवड्यात तो त्या वेळी घरी असतो, आणि तेव्हा त्याने झोपावे हे बरे. शेजारच्या सातपाटीत तर घड्याळाला आणखीच कमी किंमत. खाडीतून बोटी निघतात त्या भरतीच्या पाण्यावर, आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. अशा घरात ‘रोज एकाच वेळी’ हा नियम पंधरवडाही टिकणार नाही.

घड्याळ हटले तरी दिवसातली काही कामे हटत नाहीत. कुठलीही पाळी असो, कामगार घरी आला की डबा घासून पालथा घालतोच. वही त्या मोरीजवळच्या फळीवर, डब्याच्या शेजारी ठेवली, आणि डबा पालथा पडला की दहा ओळी असे ठरवले, तर खूण पाळीबरोबर फिरते. पेन वहीला दोऱ्याने बांधलेले असावे; पेन शोधण्यात गेलेली दोन मिनिटे लेखनाला फार महाग पडतात. २०१३पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली. तिने रोज विरारकडे जाणाऱ्याला केळवे रोड स्टेशन गेले की फोनमध्ये लिहायला घेता येते. बसायला जागा मिळाली नाही, तर त्या दिवशी दोनच ओळी. ‘अमुक झाले की तमुक करायचे’ असा ठराव नुसत्या ‘रोज लिहीन’ या निश्चयापेक्षा जास्त टिकतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्या कामातून पुढे आले. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यातही तेच दिसले. त्या चाचण्या नाना प्रकारच्या कामांच्या होत्या, पण वही उघडणे हे काही त्यांहून निराळे काम नव्हे.

एकवीस दिवसांच्या खालोखाल ऐकू येणारा समज म्हणजे मूड आल्याशिवाय लिहू नये, लिहिले तर ते ठोकळेबाज होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी हे तपासले. १९८३ साली छापलेल्या त्यांच्या प्रयोगात लेखन अडलेले २७ प्राध्यापक होते. एका गटाला तातडीचे सोडून काहीच लिहायचे नव्हते, दुसऱ्याने वाटेल तेव्हाच लिहायचे होते. तिसऱ्याने ठरल्या दिवशी ठरलेली पाने लिहायची, नाहीतर स्वतःला मुळीच न आवडणाऱ्या संस्थेला देणगी जायची. तिसऱ्या गटाने दिवसाला सरासरी ३.२ पाने लिहिली. मूडवर लिहिणाऱ्यांनी ०.९. आणि मूडवाल्यांसाठी अडचणीची गोष्ट पुढेच आहे: सक्तीने लिहिणाऱ्यांना नवी कल्पना साधारण रोज एक सुचली, मूडची वाट पाहणाऱ्यांना दोन दिवसांतून एक, न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांतून एक. गट लहान होते आणि माणसे कवी नव्हती, हे ध्यानात ठेवावे. पण कल्पना आधी आणि लिहिणे मग, हा क्रम तेवढ्याने तरी डळमळतो.

ठोकळेबाजपणाचा आरोप मराठीत तर टिकतच नाही. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९०मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. साप्ताहिक आपट्यांचेच; अंक निघायचा म्हणजे मजकूर हवाच, मूड असो वा नसो. चित्रकलेतला दाखला पालघर जिल्ह्यातलाच आहे. वारली चित्र लग्नाच्या चौकापुरते काढले जाई आणि ते काढत सवाशिणी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात ते रोज काढायला घेतले. रोज काढल्याने रेषा मेली असे त्यांची चित्रे पाहून कुणी म्हणणार नाही. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

बाकीचे समज किरकोळ आहेत. स्वतंत्र खोली आणि शांतता लागते म्हणणाऱ्याने बहिणाबाई चौधरींकडे पाहावे. त्यांची रचना शेतात आणि घरकामात झाली, लिहून घेतली ती दुसऱ्यांनी. रोज हजार शब्द हवेत, याला आधार नाही. दहा ओळी चालतात, आणि जास्त लिहावेसे वाटले तर कुणी अडवत नाही. सकाळी हाताने तीन पाने लिहायची ही ज्युलिया कॅमेरन यांच्या १९९२च्या पुस्तकातली एक पद्धत आहे, नियम नव्हे. टंकलेखन केले तर लेखन उथळ होते हे कुणी दाखवून दिलेले नाही. सरावाची वही प्रमाण मराठीतच हवी असेही नाही; घरात वाडवळी, मांगेली किंवा वारली बोलली जात असेल तर पहिला खर्डा त्या बोलीत जास्त मोकळा उतरतो. रोज लिहिलेले रोज कुणाला दाखवलेच पाहिजे हाही गैरसमज, आणि रोजनिशी म्हणजे ललित लेखन नव्हे हा त्याचा सख्खा भाऊ: मोरीवरच्या पालथ्या डब्यातून ओघळणारे पाणी नीट पाहून लिहिलेल्या दोन ओळी रोजनिशीतल्या असल्या तरी ललितच असतात.