तंजावरचं घराणं आणि आकाशातली 'चंद्रा'

तंजावर म्हटलं की तुम्हाला एकोजीराजे आठवतात, सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास आठवतो. आणखी एक नाव लक्षात ठेवा: सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. वडिलांच्या नोकरीमुळे जन्म लाहोरचा, 1910 सालचा. पण घराण्याची मुळं तंजावर जिल्ह्यातल्या खेड्यात, भातशेतीत. सर सी. व्ही. रामन हे त्यांचे सख्खे काका.

1930 मध्ये एकोणीस वर्षांचा हा मुलगा बोटीने इंग्लंडला निघाला. प्रवासात वेळ भरपूर, तेव्हा गणितं मांडत बसला. उत्तर विचित्र आलं. विझत चाललेल्या ताऱ्याचं वजन सूर्याच्या साधारण 1.4 पटीहून जास्त उरलं, तर तो शांतपणे श्वेतबटू होऊन राहूच शकत नाही, आकसतच जातो. 1935 मध्ये लंडनच्या सभेत एडिंग्टनसारख्या दिग्गजाने या कल्पनेची सर्वांसमोर टर उडवली. चंद्रशेखर भांडत बसले नाहीत, दुसऱ्या विषयाकडे वळले. नोबेल मिळालं ते 1983 साली!

त्यांच्याच नावाची 'चंद्रा' ही क्ष-किरण दुर्बीण 23 जुलै 1999 रोजी अवकाशात गेली. अवकाशातच का? तर हवा क्ष-किरणांना जमिनीपर्यंत येऊच देत नाही. तिचे आरसेही वेगळे. क्ष-किरण समोरून आले तर आरशात घुसतात, म्हणून तळ्यात तिरका भिरकावलेला चपटा दगड जसा टप्पे घेतो, तसे ते आरशावरून निसटते परतवावे लागतात.

कृष्णविवर स्वतः दिसत नाही. पण त्यात पडणारा वायू फिरता फिरता लाखो अंश तापतो आणि क्ष-किरण फेकतो. हंस तारकासमूहातलं 'सिग्नस एक्स-1' असंच सापडलं.

मला सगळ्यात आवडतो तो ॲक्सिऑनचा शोध. हा कल्पनेतला कण. कृष्णद्रव्य कदाचित अशाच कणांचं असेल. ययाती तारकासमूहात आकाशगंगांचा एक मोठा समूह आहे. त्याच्या मध्यावरच्या कृष्णविवराजवळून निघालेले क्ष-किरण समूहातल्या चुंबकक्षेत्रातून येतात. ॲक्सिऑनसारखे कण असतील, तर वाटेत काही किरणांचं रूपांतर त्या कणांत होईल आणि वर्णपटात खाचा दिसतील. 'चंद्रा'ने पाच दिवस तिकडे रोखून पाहिलं. 2020 साली निकाल आला: खाचा नाहीत.

वाया गेलं म्हणू नका. घरात किल्ली शोधताना एक कपाट नीट पाहून झालं, एवढा त्याचा अर्थ. अतिशय हलक्या कणांचा मोठा गट त्यामुळे बाद झाला, बाकीची कपाटं उरली आहेत.

आपलीही माणसं या कामात आहेत. 28 सप्टेंबर 2015 रोजी सुटलेल्या ॲस्ट्रोसॅटची बहुतेक क्ष-किरण उपकरणं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली, पुण्याच्या आयुकाचाही त्यात हात आहे. 1 जानेवारी 2024 ला एक्स्पोसॅट गेला. तो क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजतो.